तीन नंबर जागचा हलेना

आणि कोणाला खरं वाटलं नाही! एकालाही नाही! तुम्हाला सांगते, घसा फोडून सांगत होते मी, माझ्या राहीचे मार्क कोणीतरी चोरलेत. एकाहत्तर पॉइंट त्र्याऐंशी! आमचे तेवढेच, आणि वेटिंगच्या यादीत आमच्या डोक्यावर बसलेल्या त्या तीन नंबरचेही तेवढेच, पॉइंटासकट! असं होतं कधी? एका झाडाच्या दोन फणसांत तरी मोजून सारखे गरे निघतात? राहीच्या बाबांना मुंबईला फोन केला, तर म्हणतात, "अगो, असतात सारखे मार्क, तू डोकं शांत ठेव." यांना काय जातंय, वॉचमनच्या खुर्चीत बसून शांतच असतात! पोरगी म्हणते, "आई, हळू बोल, लोक बघतायत." बघेनात का, तिकीट लावलंय? कॉलेजात गेले, तर खिडकीतल्या क्लार्क यमुनाबाई चष्म्यावरून बघत म्हणतात, "मावशी, मार्क सारखे असले की वयाने मोठा तो वर. नियम आहे." वयाने मोठा! म्हटलं, मोठा आहे तर लाज नको? एवढ्या घोड्याने पोरीबाळींच्या रांगेत घुसायचं?

आता हे वेटिंग काय ते ऐका, मलाही आठ दिवस कळत नव्हतं. राहीला बी.एस्सी. केमिस्ट्री करायचंय. पांढरा कोट, काचेच्या नळ्या, सगळं ठरवून बसलीय. त्यात पुन्हा मेजर वेगळा, मायनर वेगळा, आणि बाकीचे विषय म्हणे बास्केटमधून उचलायचे. मी विचारलं, "मग निवडून घेता येतात, की वरचे चांगले आणि तळाला सडके?" तर राहीने मला कोपर मारलं. तर सगळ्या जागा भरल्या, एकच उरली. वेटिंगला राही चार नंबर. वरच्या तिघांनी नको म्हटलं, तर ती जागा हिची. शनिवारी चार वाजता यादी बंद! आणि नाही मिळाली तर? माझी नणंद टपलेलीच आहे. लांज्याकडचा एक पोरगा हेरून ठेवलाय बाईने. "वर्षभर घरात बसून काय करणार वहिनी, उजवून टाकू!" उजवून टाकू! मला चौथीतून काढून शेळ्यांमागे लावली, मग उजवली, आणि आता पंधरा वर्षं शाळेत दीडशे पोरांची खिचडी ढवळतेय. माझ्या खांद्याला विचारा शिक्षण म्हणजे काय ते!

बरं, भिंतीवरच्या यादीत नावं नाहीत, नुसते फॉर्मचे नंबर आणि मार्क. पण तिथला शिपाई धोंडू माझ्या माहेरचा. त्याला कोपऱ्यात घेतला. म्हणाला, "ताय, एक नंबर गुहागरचा शौनक, दोन नंबर पालीची भार्गवी. कागद दाखवायला आलेले म्हणून माहीत. तीन नंबर आलाच नाही गो, तोंडच बघितलं नाही त्याचं." घ्या! तोंड दाखवत नाही आणि जागाही सोडत नाही!

म्हटलं, यादी आपणहून हलत नसेल तर आपण हलवू. यात चुकलं काय? गेले गुहागरला. एसटी, मग जयगडची फेरीबोट, मग रिक्षा, शोधत शोधत पोफळीच्या बागेतलं घर. शौनकची आई बाहेर आली. "अहो, तो सोमवारीच दापोलीला गेला, शेतकी कॉलेजात! इथलं नाव काढायचं आमच्या ध्यानातच नाही हो राहिलं!" ध्यानात नाही राहिलं! इथे माझा जीव टांगणीला, आणि यांच्या ध्यानात नाही! पण बाई भली, समोर बसून पोराला फोनवरून नाव काढायला लावलं, वर कोकम सरबत दिलं.

दुसऱ्या दिवशी पाली. ते घर जरा कठीण. भार्गवीचा बाप दुकानदार, वजनकाट्यासारखा बोलतो. "फार्मसीचं नक्की झालंय, पण हेही राहू दे. असू द्यावं हाताशी." हाताशी! म्हटलं, "दादा, जागा आहे ती, छत्री नव्हे, पाऊस आला तर असू द्यायला!" तो हलेना, मग मीही हलले नाही. ओट्यावर बसले. एक चहा झाला, दोन झाले, गिऱ्हाइकं विचारायला लागली, ही कोण पाहुणी? मी आपली येईल त्याला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगतेय. शेवटी भार्गवीची आजी आनंदीबाई आतून ओरडली, "अरे, काढ ते नाव! नाहीतर भात वाढवावा लागेल मला!" काढलं नाव.

दोन डोंगर हलले, तुम्हाला सांगते. आणि तीन नंबर? तीन नंबर जागचा हलेना!

मग काय, देवाकडे गेले. आमच्या गुरवाला सांगितलं, नारळ ठेव आणि घाल गाऱ्हाणं. तो म्हणाला, "कोणासाठी?" म्हटलं, वेटिंग लिस्टसाठी. तो बिचारा देवापुढे उभा राहिला. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक तुझ्या पायाशी आली हा..." मागे मी एकटीच, "व्हय म्हाराजा!" "तिच्या पोरीच्या वाटेत जो कोण आडवा बसला हा..." "व्हय म्हाराजा!" "त्याला सुबुद्धी दे..." मी म्हटलं, थांब, सुबुद्धीला वेळ लागतो, शनिवारी चारला यादी बंद! सरळ सांग, त्याच्या डोक्यातलं कॉलेज काढ आणि त्याला चुलीपुढे बसव! "चुलीपुढे बसव रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" एवढ्या मोठ्याने म्हटलं की देवळातलं कुत्रं उठून गेलं. कुत्रं हललं हो. तीन नंबर हलेना!

उजाडला शनिवार. तीन वाजता मी खिडकीला नाक लावून उभी, बाजूला राही. पोरीच्या डोळ्यांत पाणी, नुसती ओढणीचं टोक पिळतेय. मला बघवेना. म्हटलं, "यमुनाबाई, मला त्याचं नाव सांगा, मी त्याच्या घरी जाते. पाया पडेन, नाही ऐकलं तर पाय मोडेन."

यमुनाबाई कातावल्या. "मावशी, आम्ही काय झोपा काढतोय? चार दिवस फोन करतोय. ती बाई शिव्या घालते आणि कापते."

"बाई आहे?"

"बाईच! परवा म्हणाली, परत फोन केलास तर तिथे येऊन जीभ हासडीन!"

बघा! काय एकेक बायका असतात! कॉलेज बोलावतंय, आणि ही जीभ हासडते! घरात काही वळण नाही, दुसरं काय! म्हटलं, "लावा, लावा परत. मी बोलते तिच्याशी. बाईला बाईच सरळ करते!"

यमुनाबाईंनी लावला... आणि नेमका माझ्या पिशवीत फोन वाजायला लागला. हे मेले कर्जवाले! रोज एक पोरगी, मॅडम, आपण प्रवेश... की कापते मी, आमच्या वाडीत एकाचे असेच बँकेतले पैसे गेले. कापला. यमुनाबाई म्हणाल्या, "बघितलंत? कापला." परत लावला. परत पिशवी वाजली. परत कापला.

राही माझ्याकडे बघायला लागली. यमुनाबाई चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागल्या. धोंडू तर आधीपासूनच बघत होता.

यमुनाबाईंनी कॉम्प्युटरचं तोंड माझ्याकडे फिरवलं. तीन नंबर. मार्क एकाहत्तर पॉइंट त्र्याऐंशी. जन्म एकोणीसशे ऐंशी. आणि फोटो... नाकात नथणी, कपाळाला आठ्या... माझा!

आता तुम्ही तरी समजून घ्या हो! राहीने तिचा फॉर्म भरला होता, पण तो मोबाईलवर, बोटाने! बोटाने भरलेल्यावर काय भरवसा? म्हणून मी गुपचूप सायबरवाल्या मुकुलकडे जाऊन तिचा दुसरा भरून घेतला. एक बुडाला तर दुसरा तरेल. तो म्हणाला मार्कलिस्ट द्या, मी राहीची दिली. म्हणाला आधार द्या, मोबाईल द्या, मी माझा दिला. पोरीची आई मी, आधार कोणाचा देणार? म्हणाला इकडे बघा, मी बघितलं! मला वाटलं, पालकांचा पण लागत असेल. एसटीत जागा धरायला खिडकीतून पिशवी टाकतो ना आपण, तशी मी माझ्या पोरीच्या जागेवर स्वतःलाच टाकून आले होते! आणि सव्वीस वर्षांनी मोठी, म्हणून नियमाने तिच्या वर!

राही आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करायला लागली. यमुनाबाईंनी कोरा कागद सरकवला. "लिहा मावशी लवकर. जागा सोडते म्हणून लिहा, म्हणजे लगेच हिची फी घेते. आणि खोळंबा कोणामुळे झाला, तेही नावासकट लिहा. साहेब विचारतात."

चार वाजायला सहा मिनिटं. पहिल्यांदा मनात आलं, सर्व्हर लिहावं, सगळे तेच लिहितात. मग वाटलं, मुकुल लिहावं. नणंदेचंही नाव पेनाच्या टोकाशी येऊन गेलं, तिचा संबंध नाही, पण लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं! पण पोरगी बाजूला हातात फी धरून उभी, आणि घड्याळ काही माझ्या ओळखीचं नाही. काय करता! धरलं पेन, आणि चौथीतल्या त्या टपोऱ्या अक्षरात, एकही काना न चुकवता लिहिलं, खोळंब्यास जबाबदार, हौसा रघुनाथ गोताड.