बापाच्या जागी महादेव

सदर भागातल्या एका सरकारी कार्यालयात माझ्यामागे रांगेत आत्या-भाची बोलत होत्या.

"आत्या, आजोबाच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव महादेव काहून आहे? पणजोबा त गोविंद होते ना?"

"तुहे आजोबा पोटात असतानीच ते गेले. महादेव कन्हानले शेजारी राहे."

"मंग त्यायचं नाव कसं आलं?"

"मास्तर म्हणे, बापाले घेऊन ये. महादेव कोळशाच्या खाणीतून तसाच काळ्या हातानं शाळेत गेला अन् म्हणाला, मीच याचा बाप. म्हणून तुहे आजोबा शिकले."

"अन् मी चूक समजून दुरुस्त कराले आली! त्यायचं कोणी आहे आता?"

"नातू आहे कन्हानलेच."

"मंग चाल, त्याले हा दाखला दाखवू. सांगू, हे नाव आमी असंच ठेवलं."

"रिकाम्या हातानं नाही वं. पहिले पेढे घेऊ."