खिळ्याला टांगलेलं माप

ताई: हळू बोल म्हणून मला सांगू नकोस. डोक्यातल्या शिरेत गुठळी माझ्या झालीये, तुझ्या नाही.

भाऊ: अगं, शेजारच्या कॉटवरची बाई बघतेय.

ताई: बघू दे. सकाळी डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का? मी छातीठोकपणे सांगितलं, कुणालाही नाही. आणि तू कॉटच्या पायथ्याशी उभा राहून चादरीची शिवण तपासत होतास!

भाऊ: उसवली होती.

ताई: उसवली होती म्हणे! दुपारी माझा रिपोर्ट आला. रक्तात जन्मजात दोष, भावंडांतही असू शकतो. तेव्हा कुठे तुझं तोंड उघडलं. दोन वर्षांपूर्वी तुझा पाय टम्म सुजला होता, तो गुठळीने! तेव्हा मला म्हणालास, मुरगळला. महिनाभर शिलाईच्या दुकानात तुझ्या वाटची काजं-बटणं मी केली.

भाऊ: तेव्हाच डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. बहिणीची, मुलीची तपासणी करून घ्या, असं होतं तिच्यात.

ताई: कुठंय ती?

भाऊ: दुकानात. तुझ्या मशीनसमोरच्या खिळ्याला.

ताई: तिथे त्या उंच वॉचमनचं माप आहे. छाती चव्वेचाळीस, बाही सव्वीस. पाठ आहे मला.

भाऊ: त्याच्याच मागे.

ताई: काय?

भाऊ: चिठ्ठीची मागची बाजू कोरी होती. तो घाईत आला होता, म्हणून...

ताई: खोटं बोलू नकोस. मापाची वही कायम तुझ्या काखेत असते.

भाऊ: बरं, माप मुद्दाम चिठ्ठीमागे लिहिलं. तोंडाने सांगायचा धीर होईना. म्हटलं, कधीतरी उलटशील, वाचशील.

ताई: अरे देवा! मापाचा कागद कोण उलटून बघतं? दोन वर्षं मी त्याच्यावरून शर्ट शिवतेय! पाळीच्या गोळ्या देताना डॉक्टरीणबाईंनीही हेच विचारलं होतं. तिथेही मी नाहीच म्हटलं. दोष होता, त्यात गोळ्यांची भर पडली. उजवा हात अजून बधिर आहे. कात्री धरता येईल की नाही, भीती वाटते रे मला.

भाऊ: चुकलं, ताई.

ताई: मग आता नीट ऐक. तुझी लेक महिन्याभरापासून त्याच गोळ्या घेतेय.

भाऊ: काय? मला बोलली नाही.

ताई: आपल्या घरात बोलतं कोण? लाव फोन.

भाऊ: संध्याकाळी घरी गेलो की...

ताई: आत्ता. माझ्यासमोर.

भाऊ: (फोनवर) हॅलो... हो, आत्या बरी आहे. ओरडतेय, म्हणजे बरीच आहे. नाही गं, सहजच केला...

ताई: सहज? दे इकडे तो फोन!

भाऊ: थांब, ताई. मीच सांगतो... बाळा, ऐक. ती पाळीची गोळी आज घेऊ नकोस. मी येतोय, आधी डॉक्टरांकडे जाऊ. नाही, रागावलो नाही. एक गोष्ट सांगायचीय. आत्यालाही मी ती सांगितली नव्हती.