दसऱ्याचं पिस्तूल

दसऱ्याच्या सकाळी आयर्लंडमधल्या गॉलवेत, औषधांच्या दुकानाबाहेरच्या रांगेत, माझ्यापुढे मास्क लावलेलं एक मराठी जोडपं उभं होतं.

"यशोधन, माळ्यावर सापडलेलं घरमालकाचं जुनं पिस्तूल पूजेला ठेवलंस?"

"आईला शस्त्रच हवं होतं. लॅपटॉपला कसलं हळदकुंकू, म्हणाली."

"आणि सोबतची गोळी?"

"आत बसते का पाहिलं. व्यास जुळला."

"व्यास जुळला म्हणजे ती त्याचीच झाली? उडताना तिचा दाब जास्त निघाला तर नळी हातात फुटेल."

"उडवणार कोण आहे, उल्का?"

"बाहेर काढलीस ना?"

"अडकली."

"अरे, आई घरी एकट्या आहेत!"

"लावलाय फोन. आई, त्या पिस्तुलाला हात लावू नकोस!"

स्पीकरवर आवाज आला, "थांब रे, चापाचा गंज तेवढा निघू दे."

दोघं धावत सुटले. पुढची जागा रिकामी झाली, पण मला सरकवेना.