मोरांच्या रानातली सायकल

दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या वनमालाच्या शेजारी दोन बागायतदार इतक्या मोठ्यानं बोलत होते, की कान झाकूनही ऐकू यावं.

“विजयसिंह, साखर उतरवायला सायकल घेतली म्हनं तुमी?”

“घेतली ना. मोरांच्या रानातून रोज चक्कर मारायचं ठरवलं.”

“मग?”

“पहिल्याच दिवशी लोक इचारायले, मालक, जीप इकली का? सांजच्याला पोरीचे होनारे सासरे चौकशीला दारात!”

“आरारा! सोडली मग सायकल?”

“सोडतो कशाला? डायवर हनुमानाला जीप घेऊन मागं ठेवला. पर रानातल्या चढाला माझा दमच निघायला.”

“मग आता?”

“आता सायकल हनुमान चालवतो, अन् जीप घेऊन मी त्याच्या मागं.”

“अन् साखर?”

“लई उतरली की! हनुमानाची.”