झांजेचा आवाज

महाडच्या कार ऑडिओच्या दुकानात प्रियदर्शिनीबाई आपल्या गाडीचा हॉर्न दुरुस्त व्हायची वाट बघत बाकावर बसल्या होत्या. शेजारच्या गाडीत उमरठचे भागोजी आणि त्यांची मुलगी श्रुतिका होती. दुकानदार सुनील त्यांच्या गाडीला नवे स्पीकर बसवत होता.

“भजनात झांज ऐकूच येत नाय रे. नुसता पखवाज. जुना स्पीकर पार बिघडलेला.”

“आता येईल, काका. हा क्रॉसओव्हर आवाज वाटून देतो. पखवाज मोठ्या स्पीकरला, झांज या छोट्याला.”

“म्हंजे ज्याचं त्याला.”

“हो. आता मोठा बंद ठेवतो. फक्त छोटा ऐका.”

“आबा, किती छान वाजतेय!”

“काय वाजतंय? लाव की रे मग.”

“काका, लावलंय.”

“कुठं? काय पन येत नाय.”

बाईंना झांज पार बाकावर ऐकू येत होती.

“आबा, माझ्याकडं बघा. वाजतंय.”

“मग जुना स्पीकर बिघडला नव्हता.”

“नाय, आबा.”

“गो श्रुतिका, सयपाकघरातून तू मला हाका मारतेस काय?”

“रोज मारते. तुम्ही ओ देत नाय, मग मी मुकाट ताट आणून ठेवते.”

“मला वाटलं, तुझी आय गेली तवापासून तू अबोला धरलास.”

सुनीलने भजन बंद केलं. श्रुतिका वडिलांच्या कानाशी वाकली.

“मला वाटलं, तुम्हीच धरलाय.”