सामाईक बोल्ट

अमडापूरहून चिखलीला जाणाऱ्या एसटीत थोरले उकंडराव आणि धाकटे किसनराव एकाच सीटवर बसले होते. मध्ये चिखलीच्या मिस्त्रीकडे न्यायचं, सामाईक विहिरीवरच्या बंद इंजिनाचं हेड, त्यात सायलेन्सरचा गंजका बोल्ट अर्धा तुटून अडकलेला. वाटणीपासून भावांचं बोलणं बंद होतं, त्यामुळे सगळं कंडक्टरमार्फत.

“कंडक्टर साहेब, याले विचारा, बोल्ट काऊन तोडला?” उकंडराव म्हणाले.

“त्याईले सांगा, तुटला तो. मी त रोज सांजीले ढिला दिसला की पान्यानं कसून ठेवत होतो.”

“अन् मी सायलेन्सर काढासाठी रोज सकाळी डिझेल टाकून तोच ढिला करत होतो!”

“मंग सांगाचं ना!”

“कोणाले सांगू? बोलणं कुठी आहे?”

“पाण्यावाचून वांगे वाळले असतील,” कंडक्टर म्हणाला.

“माहे वाळले.”

“माहेही.”

“आता मिस्त्रीले काय सांगसान?” कंडक्टरनं विचारलं.

मग किसनराव वाटणीनंतर पहिल्यांदाच थोरल्याकडे वळले.

“दादा, कंपनीचा बोल्टच खराब होता म्हणू.”

“हाव बे किसन. आजकालच्या कंपन्याच चोर आहेत.”