चुंबक शाळांची झडती

नाही, मला आधी एवढं सांगा, चांगल्या मालाला दारोदार ओरडत फिरावं लागतं का? नाही ना? मग या शाळा का ओरडतायत? 'या हो या, आमची शाळा बघायला या, कॉफी देतो, बिस्किटं देतो, पोरांना फुगे देतो!' अहो, आमच्या वेळी शाळा माणसाला बघून घ्यायची, माणूस शाळेला नाही! तुम्हाला सांगते, सरकारी खातं ज्या दिवशी आपण होऊन हातावर बिस्किट ठेवतं ना, त्या दिवशी घरी जाऊन आधी दारं-खिडक्या जागेवर आहेत का बघावं. कुठंतरी पाणी मुरतंय!

आणि नाव काय, तर चुंबक शाळा! आहे सरकारीच, फी एक सेंट नाही, पण प्रत्येकीला एकेक खास वेड. एकीला नाटकाचं, एकीला यंत्रांचं, एकीला आणखी कशाचं... आणि त्या वेडापायी म्हणे शहराच्या सगळ्या कोपऱ्यांतून पोरं ओढली जातात, म्हणून चुंबक. बरं, ओढून घेता ते घेता, मग येईल त्याला घ्या की! तर नाही. आधी ओढायचं, मग सोडत काढायची, आणि निम्म्यांना दारातून परत लावायचं. असं चुंबक कुणी पाहिलंय का हो? मी तरी नाही पाहिलं. आणि मी काही अडाणी नाही. शाळेत गेले ती शेतात कापूस नसेल तेवढीच, हे खरं, पण पुढचं सगळं वाचनालयात बसून माझं मी शिकले. एका वकिलानं पाठवलेल्या पत्रातल्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलेली बाई आहे मी. अजून घाबरतो तो मला.

हे सगळं लावलं वर्लिननं. चर्चमध्ये माझ्या शेजारी बसते, मुद्दाम माझ्यापेक्षा मोठी टोपी घालून. पाद्रीबुवा तिकडे नरकाचं वर्णन करतायत आणि ही इकडे माझ्या कानात, "ओदेसा, अगं तुझ्या नाइलाची आठवी ना यंदा? मग हायस्कूलचं काय? आमचा डेव्हॉन्टे चुंबक शाळेत आहे हो, रोबो बनवतो!" म्हटलं, "आधी त्याला स्वतःची गादी आवरायला शिकव, मग रोबो." तर म्हणते, "तू ना, संशयानंच मरशील एक दिवस!" आता संशयानं मेलेलं माणूस दाखवा मला एक तरी. विश्वासानं मेलेली मी खंडीभर दाखवते, शिकागोच्या कुठल्याही दफनभूमीत चला!

पण नाइलाचा प्रश्न होता ना. माझ्या लेकीची लेक. लेक गेली तेव्हापासून माझ्याच पदरात. पोर गुणाची, पण मुकी. म्हणजे बोलते, पण फोनशी. आपण काही विचारलं की "बरंय." जेवण कसं झालंय? "बरंय." आभाळ कोसळलं तर म्हणेल, "बरंय." आणि आमच्या वस्तीतलं हायस्कूल... जाऊ द्या, त्याबद्दल मी बोलणार नाही, तिथली छपरं आधीच गळून पडतायत, माझे शब्द कशाला आणखी पाडू! म्हणून घातली टोपी, घेतली पोर, आणि निघाले शाळा बघायला.

पहिली नाचनाटकाची. दारातच पाच-सहा पोरं झाडं होऊन उभी. हलेनात. म्हटलं, "बाळांनो, मुख्याध्यापिका कुठं बसतात?" तर एक झाड नुसतं डोललं! तेवढ्यात बाई आल्या, दोन्ही हात पसरून, मी जणू त्यांची हरवलेली मावशी. "या, या! आमच्याकडे ना, गणितसुद्धा आम्ही शरीरातून अनुभवतो!" आणि खरंच, एका वर्गात पोरं अपूर्णांक नाचत होती हो! एक मुलगी एक पाय वर करून उभी. मी विचारलं, "हे काय?" तर बाई भारावून म्हणतात, "ती तीन-चतुर्थांश आहे." म्हटलं, "आणि उद्या बँकेत कर्जाचं व्याज विचारलं तर काय गिरकी घेईल?"

मग मी संडास बघायला मागितला. दचकू नका! शाळा पारखायची तर आधी संडास बघावा. भिंतीवर काय वाटेल ते रंगवता येतं, संडास खोटं बोलत नाही. तर काय, आत फुलदाणी! मुलांच्या संडासात फुलदाणी! सांगा मला, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या संडासात फुलदाणी किती तास टिकते? आजच्यापुरती ठेवलेली, मी ओळखलं. कुठंतरी पाणी मुरतंय! (आणि तिथं खरंच मुरत होतं, बेसिनच्या खाली.) नाइलाला विचारलं, कशी वाटली? "बरी."

दुसरी यंत्रांची. तिथं माणूस बोलेचना, सगळं पडद्यावर. एक रोबो आला पाण्याची बाटली घेऊन, थेट माझ्या पायावर चढला, माझं कुरूप आहे नेमकं तिथंच! मी किंचाळले, आणि तो चिरक्या आवाजात म्हणतो, "क्षमा करा." तर जमलेल्या सगळ्या आईबापांनी टाळ्या वाजवल्या! माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी! मुख्याध्यापक म्हणतात, "पाहिलंत? तो चुकीतून शिकतो!" म्हटलं, "शिकू द्या, पण दुसऱ्याच्या पायावर." नाइलाला विचारलं. "बरी." बघा म्हणजे.

आता तिसरी. तिसरीचं नाव मी आधी नीट वाचलंच नव्हतं. वर्लिन म्हणाली होती 'विज्ञानाची', मी म्हटलं, ठीक. दोन बस बदलल्या, शहर संपत आलं, घरं विरळ झाली, आणि बसमधून उतरते तो काय... वास. तुम्हाला सांगते, नाकाला म्हातारपण येत नाही. कितीही वर्षं जाऊ द्या, तो वास नाक विसरत नाही. मी जागच्या जागी थिजले. म्हटलं, "नाइला, मागं फीर." तर पोरगी पुढं! फाटकाच्या आत मका उभा. शिकागोत, मका! आणि मक्यापलीकडे गाय.

आता तुम्हाला एक सांगायला हवं, नाहीतर म्हणाल म्हातारी गाईला का भ्याली. आम्ही दक्षिणेतलं मिसिसिपी, गोऱ्या मालकाची शेतं सोडली तेव्हा मी नाइलापेक्षा लहान होते. आगगाडी हलली, आणि माझ्या आईनं पायातले बूट काढले, खिडकीबाहेर धरले आणि एकमेकांवर आपटून आपटून त्यांची माती झाडली. म्हणाली, "ओदेसा, ही माती इथंच राहू दे. माझ्या वंशातलं एकही पोर यापुढं गाईच्या आधी उठणार नाही. मला वचन दे." मी दिलं. आणि पाळलं! मी इस्पितळाच्या धोबीघरात घाम गाळला, लेकीला कचेरीत नोकरी लागली, आणि आता नाइला... नाइला गाईच्या गळ्याला मिठी मारून उभी!

"हिचं नाव डचेस," एक मुलगी सांगत होती, अकरावीतली, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगावर डॉक्टरासारखा पांढरा डगला. "मॅडम, आम्ही हिचा चारा संगणकावर ठरवतो."

म्हटलं, "आणि शेण? तेही संगणक काढतो?"

"छे! ते आम्ही. पहाटेची पाळी असते. तिच्यासाठी मारामारी होते."

मारामारी! पहाटे उठून शेण काढायला मारामारी! मी मागं वळून बघितलं, तर उत्तरेकडच्या श्रीमंत वस्तीतले आईबाप, कडक इस्त्रीचे कपडे, सगळे शेणाकडे असे बघतायत जसं काही जडजवाहीर मांडलंय. एक गोरा वकील माझ्या कानाशी, "काय सांगू मावशी, आम्ही दोन उन्हाळे मुलाला शेळीच्या शिबिराला पाठवतोय, तयारी म्हणून." शेळीचं शिबिर! आमच्याकडे त्याला शिक्षा म्हणायचे! तुम्हीच सांगा, आपली माणसं ज्यातून जीव घेऊन पळाली, ते आता फुगे बांधून, कॉफी पाजून पुन्हा आपल्याच पोरांच्या गळ्यात? कुठंतरी पाणी मुरतंय की नाही?

तिथले सर आपल्यातलेच, काळे, पेटिग्रू नावाचे. गळ्यात टाय, पायात चिखल. मी सरळ विचारलं, "तुमच्या आईला माहीत आहे का तुम्ही इथं काय करता?" बिचाऱ्याचा चेहराच पडला की हो! इकडे तिकडे बघून हळूच म्हणतो, "आई अलाबामाची आहे, मॅडम. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती सांगते, मी विम्यात आहे."

मग मी एक डाव टाकला. म्हटलं, मिठ्या मारणं सोपं आहे, काट्याचा नायटा व्हायच्या आतच काटा काढावा. सरांना म्हणाले, "आमच्या पोरीला एक गोठा साफ करू दे. सगळ्यात घाण असेल तो द्या." म्हटलं, पाच मिनिटांत नाक धरून बाहेर येईल आणि आजीच्या पदरात तोंड खुपसेल. दिलं तिच्या हातात फावडं. आणि पोरगी हो... पोरगी फोन खिशात टाकून आत शिरली! मी तो फोन तिच्या हाताबाहेर फक्त चार्ज होताना बघितलाय! आणि तोंड सुरू! "हिला चार पोटं का असतात? वासराला ताप आला तर कळतो कसा? रात्री इथं कोण झोपतं?" माझ्या घरात वर्षभरात बोलली नसेल इतकं गाईच्या मागे उभी राहून बोलली.

पण फावडं कसं धरलं होतं सांगू? पेन धरावं तसं! मी दोन मिनिटं कळ काढली. तोंड फिरवलं. मक्याकडे बघितलं. देवाचं नाव घेतलं. पण नाही राहवलं हो! म्हटलं, "अगं, मनगटातून नाही, कमरेतून! सरक बाजूला!" आणि तुम्हाला सांगते, रविवारचा झगा, पांढरे हातमोजे, डोक्यावर टोपी, आणि मी गोठ्यात! एक फावडं, दोन फावडी, लय लागली... आणि शान मारायला म्हणून त्या अकरावीतलीला ऐकवलं, "ही गाय चार दिवसांत विणार, लिहून ठेव." तर ती इतक्या अदबीनं म्हणते, "नाही मॅडम, ती नुसतीच लठ्ठ आहे." सगळे आईबाप हसले. वकिलानं फोटो काढला. आता तो फोटो शेळीच्या शिबिरात लावला असेल, माझी खात्री आहे.

परतीच्या बसमध्ये आमच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या. कारण तुम्हाला कळलंच असेल. नाइला म्हणाली, "आजी, तुला हे सगळं येतं? कधी सांगितलं नाहीस!" म्हटलं, "विसरायला सगळं आयुष्य घातलं, सांगत कशाला बसू?" मग म्हणाली, "मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. पहिली पसंती हीच शाळा देऊ? तू हो म्हटल्याशिवाय अर्ज जात नाही." आणि बघितलं माझ्याकडे. अगदी माझ्या लेकीचे डोळे. आता आई एका बाजूला, हे डोळे एका बाजूला, मी करू काय? पण मी हुशार! मनात म्हटलं, सोडत तर आहे, लागतोय कशाला नंबर? आमच्या घराण्याला चर्चच्या सोडतीत कधी साधा केक लागला नाही. पोरीचं मनही राहील, आईचं वचनही. म्हटलं, "दे!"

आणि झालं अगदी माझ्या मनासारखं. निकाल आला. नंबर नाही. प्रतीक्षा यादी.

मग मी खूश व्हायला हवं होतं की नाही? तुम्हीच सांगा! मी मक्याची भाकरी केली, कोंबडी तळली. नाइला टेबलाशी आली, अन्नाकडे बघितलं, म्हणाली, "बरंय." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

ते दार लागलं ना, आणि माझं डोकं फिरलं! कचेरीत फोन लावला. "मॅडम, जागा भरल्या." भरल्या? कुणी भरल्या? जेव्हा ते नुसतं शेण होतं, तेव्हा आमच्यासाठी जागाच जागा होत्या हो! माझ्या आजीला, तिच्या आईला कुणी अर्ज भरायला लावला नाही, सोडत नाही, शिबिर नाही, जन्माला आलं की थेट प्रवेश! आणि आता शेणाजवळ प्रयोगशाळा बांधली, शेण काढणाऱ्याला पांढरा डगला दिला, तर लगेच 'जागा भरल्या'? माझी नात शेणाच्या लायकीची नाही, असं म्हणायचंय तुम्हाला? ती बया म्हणते, "मॅडम, सोडत संगणक काढतो." म्हटलं, "द्या त्याला फोन!"

रोज लावते आता. सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी. पेटिग्रू सरांना दोनदा पीचचा केक पाठवला. ते म्हणाले, केक उत्तम होता, पण त्यांच्या हातात काही नाही. उभ्या जन्मात कुणापुढं वशिल्यासाठी हात पसरला नाही मी, नोकरीसाठी नाही, घरासाठी नाही, आणि आता म्हातारपणी पसरतेय तो कशासाठी, तर गोठ्यासाठी! तेव्हा म्हटलं, इतकी माणसं बसलाहात, तोंडानं विचारायला काय जातं... तिथं कुणाची ओळख आहे का हो तुमच्यापैकी? माणसाची नसली तर राहू द्या. गाईची असली तरी चालेल.